कुंपणवाल्याची जाहिरात

क्रॅटन, डॉर्सेट
३ मे १९६१

प्रिय हेस्टर,

तू माझी मावसबहीण. ऑक्सफर्डात शब्दकोशाच्या कचेरीत तीस वर्षं शब्द निवडत बसली आहेस, म्हणून मी ती जाहिरात विश्वासाने तुझ्याकडे पाठवली. आमचे साप्ताहिकवाले त्या सदरात पंधराच शब्द छापतात आणि माझे भरले होते चाळीस. मी लिहिलं होतं की हेझलच्या काठ्यांच्या ताट्या विणतो, सगळ्या प्रकारची कुंपणं घालतो, तीस वर्षं हेच काम करतोय. जुनं कुंपण उपसून लाकूड घेऊन जातो, नवं लाकूडही चालतं. घरी येऊन माप घेतो आणि ठोकाठोकीचा शेजारपाजाऱ्यांना त्रास देत नाही. यात वाकडं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

तू कात्री लावल्यावर छापून आलं ते हे:

'फेन्स. तीस वर्षांचा अनुभव. जुना-नवा माल घेतो. घरी येऊन पाहतो. आवाज नाही, बोभाटा नाही.'

खाली माझं नाव आणि पत्ता.

पहिल्याच दिवशी एक उंच, हडकुळे मास्तर आले. काखेत दोन बारीक तलवारी. मी तलवारबाजी शिकवतो असं त्यांना वाटलं होतं. त्यानंतर शर्यतीच्या घोड्यांचा एक शिक्षक आला. त्याला घोड्यांनी उड्या मारायचे अडथळे करून हवे होते. ते काम मी घेतलं, कारण घोडा असो की मेंढी, लाकूड तेच. मग मागच्या दाराशी एक टोपीवाला आला. कोटाखाली शिशाच्या पत्र्याची गुंडाळी. म्हणाला, 'काही विचारणार नाही ना?' मी विचारलं, 'कुठल्या शेताला लावायचाय?' तो गेला तो गेलाच.

शेवटी हवालदार डिबेन आला. अंगात मेव्हण्याचा कोट, ओठावर खोटी मिशी, हातात पितळी मेणबत्तीदाणी. 'घेणार का?' म्हणाला. मी म्हटलं, 'डिबेन, ती चर्चच्या तिसऱ्या खिडकीतली आहे, पाद्रीसाहेबांना कळायच्या आत ठेवून ये.' मी ओळखल्याचंच त्याला फार लागलं. बाळ असताना मी त्याला खांद्यावर घेऊन हिंडवलंय. मिशी काढून त्याने मला समजावलं, की चोरीचा माल विकत घेणाऱ्यालाही फेन्सच म्हणतात आणि वरिष्ठांनी त्याला माझ्यावर नजर ठेवायला सांगितलंय.

मी चोपन्न वर्षांचा आहे. आजवर कुणी माझ्यावर नजर ठेवली नव्हती. तू हे काय करून ठेवलंस?

तुझा,
अँब्रोज

---

ऑक्सफर्ड
७ मे १९६१

प्रिय अँब्रोज,

तुझं पत्र मी कचेरीत मोठ्याने वाचून दाखवलं. खोट्या मिशीपाशी आले तेव्हा आमच्या प्रमुखांना चहाचा ठसका लागला.

मी काहीच केलेलं नाही. पंधरा शब्द मागितलेस, मी चौदात बसवलं. शब्दाला चार घरं असली तर त्यात माझा काय दोष? कुंपण हे त्याचं राहतं घर. तलवारबाजीच्या तालमीत त्याची ऊठबस असते, घोड्यांच्या मैदानावर तो उड्या मारून घेतो, आणि काळोख्या गल्लीत एक खोली आहे, तिथे चोर माल टाकून जातात. शिवाय निवडणुका आल्या की आपले पुढारी ज्याच्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसतात, तेही हेच. मुळात हा 'डिफेन्स'चाच मुलगा, म्हणजे बचाव. घाईत बोलता बोलता लोकांनी त्याचं डोकं उडवलं आणि धड कामाला लावलं.

सध्या समानार्थी शब्दांच्या कोशात याच पानावर मी तीन महिने अडकले आहे. कुंपण, वई, ताटी, गडगा, कठडा, तट, अडसर, आडकाठी. सगळे एका ओळीत बसवायचे आहेत. तू जन्मभर यांतच राहिलास, तेव्हा काही सुटलं असेल तर कळव.

आणि खरं सांग, एका आठवड्यात चार माणसं तुझ्या दाराशी आली. ग्रेस तुला विधुर करून गेली, त्यानंतरच्या तीन वर्षांत मिळून तरी चार आली होती का?

आणखी कोण येतं ते लिही. गाळू नकोस.

तुझी,
हेस्टर

---

क्रॅटन
२१ मे १९६१

प्रिय हेस्टर,

आधी तुझ्या ओळीचं. ते शब्द एका ओळीत बसवू नकोस, भांडतील. ताटी उचलून दुसरीकडे नेता येते. काट्याझुडपांची वई जागची हलत नाही, पण वाढते. गडग्याला दगड लागतात आणि सवड लागते. कठड्याला टेकून गप्पा मारता येतात, वईला टेकून बघ. समानार्थी असं काही नसतं. माझ्यावर विश्वास नसेल तर मेंढ्यांना विचार.

आता जे लिहितोय ते कचेरीत वाचून दाखवायचं नाही.

मंगळवारी दुपारी गॉलपबाई आल्या. तू त्यांना ओळखत नसशील, पण त्यांचे यजमान लायोनेल गॉलप तुला आठवत असतील. पियानोचे सूर लावायचे. पांढरे हातमोजे, मऊ बोलणं, अख्ख्या तालुक्यातल्या दिवाणखान्यांत त्यांचं जाणं-येणं. फेब्रुवारीत वारले. चर्चमध्ये त्यांच्या नावाचं बाक बसवायचं चाललंय.

बाई चर्चला जायची टोपी घालून आल्या होत्या. हातात टोप्या ठेवायचा मोठा गोल डबा. माझ्या कारखान्यात काठ्यांच्या भाऱ्यावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, 'तुम्ही जुना माल घेता म्हणे.'

मी म्हटलं, 'घेतो. किती कुजलंय त्यावर आहे.'

'कुजलेलं नाही. चांदीचं आहे.'

मग त्यांनी डबा उघडला. हेस्टर, आत एकेचाळीस वस्तू होत्या. चमचे, शिवताना बोटात घालायची अंगुस्तानं, तपकिरीच्या डब्या, चिमटे, हस्तिदंती बटणं. प्रत्येक वस्तू पियानोतल्या लोकरीच्या पट्टीत गुंडाळलेली आणि प्रत्येकीला चिठ्ठी, सुवाच्य अक्षरात घराचं नाव आणि तारीख. तीस वर्षांत ज्या ज्या घरी गॉलप सूर लावायला गेले, त्या त्या घरून एक छोटीशी वस्तू उचलून आणली. विकली एकही नाही. घरच्या पियानोच्या पोटात, खालची फळी काढून, रचून ठेवली होती. बाई म्हणाल्या, 'साऱ्या जगाचे पियानो सुरात आणि आमचा तेवढा कायम बेसूर. मी विचारलं की म्हणायचे, ओल धरलीय.'

पियानो विकायला काढला तेव्हा त्यांना हे सापडलं. नदीत टाकायला तीनदा पुलावर गेल्या, तीनही वेळा पाद्रीसाहेब खाली गळ टाकून बसलेले. मग माझी जाहिरात वाचली. खात्री करायला वाचनालयात जाऊन शब्दकोश काढला. तुझाच कोश. त्यातला तिसरा अर्थ, चोरीचा माल घेणारा, वाचून त्यांचा जीव भांड्यात पडला.

मी फक्त कुंपणं घालतो हे त्यांना समजावलं. मग त्या रडल्या. 'मला पैसे नकोत हो, फक्त घेऊन जा,' म्हणाल्या.  डबा आता माझ्या पलंगाखाली आहे आणि हवालदार डिबेन रोज सकाळी फाटकावर टेकून माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतो.

काय करू?

तुझा,
अँब्रोज

---

ऑक्सफर्ड
२५ मे १९६१

प्रिय अँब्रोज,

कुणालाही वाचून दाखवलेलं नाही. पण एकटीच हसत बसले आणि खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला वर आल्या.

पोलिसांकडे मुळीच जाऊ नकोस. गॉलप आता कुठल्याही तुरुंगात बसणार नाहीत, बसेल ती त्यांची बायको, आपल्याच घरात, पडदे ओढून. वस्तू जिथल्या तिथे परत ठेव. चिठ्ठ्या आहेतच. आणि कुणाच्याही अंगणात, बागेत, परसात फूटपट्टी घेऊन वाकलेला दिसलास तरी ज्याला कुणी हटकणार नाही, असा सगळ्या तालुक्यात एकच माणूस आहे. घरी येऊन पाहतो, आवाज नाही, बोभाटा नाही. जाहिरातीत लिहिलंय तेच कर, फक्त उलट्या दिशेने.

मला पूर्ण यादी पाठव. जीव जातोय माझा.

तुझी,
हेस्टर

---

क्रॅटन
१८ जून १९६१

प्रिय हेस्टर,

चोवीस झाल्या.

डॉक्टर पिटफील्डांचा चमचा त्यांच्या गुलाबाच्या आळ्यात खोचला. तो हरवला तेव्हापासून, म्हणजे एकोणीसशे त्रेचाळीसपासून, ते सख्ख्या भावाशी बोलत नव्हते. परवा दोघे एकाच गाडीतून जाताना दिसले, अर्थात भांडत. मिस लवलेसचं अंगुस्तान मी तिच्या लोकरीच्या टोपलीत टाकलं. ती म्हणाली, तरी मला वाटतच होतं ते इथेच कुठेतरी आहे. अठ्ठावीस वर्षं वाटत होतं. लोक मला चहाला बोलावतात, केक वाढतात, कुंपणाची चौकशी करतात. खोटी मापं घ्यायला गेलो तर सात ठिकाणी खरं काम मिळालं.

चोरी करणं याहून सोपं असणार. चोराला फक्त वस्तू कुठे ठेवलीय हे शोधायचं असतं. मला ती अशी ठेवावी लागते, की तीस वर्षं ती तिथेच होती असं घरच्यांना वाटलं पाहिजे.

उरलेली यादी सोबत जोडली आहे. त्यातली शेवटची वस्तू बघ. चांदीची मोहरीदाणी, आत निळी काच, झाकणावर बदक. चिठ्ठीवर 'मिस ऑगस्टा हॅरिंग, मार्च १९३१'. आपली ऑगस्टा मावशी.

तुला ऑलिव्ह स्टिकलंड आठवते का? मावशीकडची मोलकरीण, तेव्हा सतरा वर्षांची. ही मोहरीदाणी चोरल्याचा आळ घेऊन मावशीने तिला त्याच दिवशी घालवली होती. मी तेव्हा कामासाठी बाहेरगावी होतो, मला नंतर कळलं. ती अजून गावातच आहे, चर्चच्या मागच्या गल्लीत. कोंबड्या पाळते, लोकांचे कपडे धुते. तीस वर्षं लोक तिच्याकडून अंडी घेतात, पण तिला उंबऱ्याच्या आत कुणी घेत नाही. तिच्या कोंबड्यांच्या ताट्या मी विणतो. तिला सत्तेचाळीसाव्या वर्षी माझ्याहून चांगल्या शिव्या येतात.

तिने घेतलीच नव्हती, हेस्टर. मी पलंगावर बसून ते बदक नुसतं बघत राहिलो.

ही परत कुठे ठेवू? मावशी नाही, तिचं घर विकलं गेलं. आणि गुपचूप ठेवून ऑलिव्हचं काय भलं होणार? तू त्या मार्चमध्ये मावशीकडे राहायला होतीस ना? मावशीच्या डोक्यात हे कुणी भरवलं, तुला काही आठवतं का?

तुझा,
अँब्रोज

---

क्रॅटन
१६ जुलै १९६१

प्रिय हेस्टर,

चार आठवडे झाले, तुझं पत्र नाही. आजारी आहेस का? नुसतं पोस्टकार्ड टाकलंस तरी चालेल.

इथे पाद्रीसाहेबांनी हरवलेल्या वस्तूंच्या परतण्यावर रविवारी प्रवचन दिलं. गावावर कृपा झालीय, म्हणाले. गॉलपबाई पहिल्या रांगेत रुमालात तोंड खुपसून बसल्या होत्या. लोकांना वाटलं, नवऱ्याच्या आठवणीने.

हवालदार डिबेनने मला पकडलं. वाड्यावरच्या मिसेस व्हेनेबल्सच्या ओसरीवर, फुलांच्या कुंडीत हात घातलेला असताना. माझे खिसे तपासले, काही निघालं नाही. मग त्याने मिसेस व्हेनेबल्सना घरातल्या सगळ्या चांदीच्या वस्तू मोजायला लावल्या. एक तपकिरीची डबी जास्त भरली. घरात वस्तू वाढली तर कोणतं कलम लावायचं, ते त्याला पुस्तकात सापडेना. अजून शोधतोय.

ऑलिव्हला मी काही सांगितलेलं नाही. सांगायचं तर गॉलपबाईंचं नाव सांगावं लागेल, आणि मी त्यांना शब्द दिलाय. एकीचं झाकावं तर दुसरीचं उघडं पडतंय.

लिही.

तुझा,
अँब्रोज

---

ऑक्सफर्ड
२ ऑगस्ट १९६१

प्रिय अँब्रोज,

मी आजारी नव्हते. सहा पत्रं लिहिली आणि फाडली.

मावशीच्या डोक्यात मी भरवलं.

त्या दिवशी जेवायला आम्ही आठ जण होतो. हॅम आलं, मोहरी आली नाही. मावशीने विचारलं, मोहरीदाणीला काय पाय फुटले? मी सव्वीस वर्षांची होते. ऑक्सफर्डात नुकतीच नोकरी लागली होती, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण वकील बसला होता. त्याने माझ्याकडे बघावं असं मला फार वाटत होतं. मी म्हटलं, 'फुटले असतील तर ते पाय ऑलिव्हच्या बुटांत असतील.'

सगळे हसले. वकीलही हसला. तीन वाजता ऑलिव्ह पेटी घेऊन मागच्या दाराने निघून गेली. मी खिडकीतून पाहिलं.

मला काहीच माहीत नव्हतं. सकाळी तिला त्या कपाटावरची धूळ पुसताना पाहिलं होतं, एवढंच. गॉलपही सकाळी पियानोपाशी होते, हेही मला ठाऊक होतं. पण त्यांच्यावर विनोद सुचला नाही. मावशीला जाऊन सांगता आलं असतं, की मी नुसती गंमत केली. नाही सांगितलं, कारण मग विनोदाची मजा गेली असती. खरं कारण इतकंच क्षुद्र आहे, अँब्रोज. वकिलाने पुढे कुणा दुसरीशीच लग्न केलं.

आणि तुझ्या जाहिरातीचं म्हणशील तर तीही मी मुद्दाम केली. तिसरा अर्थ माझ्यासमोर उघडा होता. तू घुबडासारखा एकटा बसलायस, लोक येतील, गंमत होईल, असं वाटलं. तीस वर्षांत मला फक्त एवढंच येऊ लागलं आहे. चार शब्द इकडचे तिकडे करायचे, आणि त्यांचं कुणाला काय झालं ते बघायला थांबायचं नाही.

आता मी काय करू, ते तू सांग.

हेस्टर

---

क्रॅटन
६ ऑगस्ट १९६१

हेस्टर,

पत्र दोनदा वाचलं. मग बाहेर जाऊन लाकडं फोडली. हिवाळ्यापुरती झाली.

मी तुला काय सांगणार? ऑलिव्ह चर्चच्या मागच्या गल्लीत शेवटच्या घरात राहते, दाराला हिरवा रंग आहे. पत्र पाठवू नकोस. पत्रात तू फार छान लिहितेस.

गॉलपबाईंना मी मोहरीदाणीचं सगळं सांगितलं, तुझं नाव न घेता. त्यांनी हात पुढे केला. मोहरीदाणी मागून घेतली आणि दार लावलं.

९ सप्टेंबरला गावच्या सभागृहात भाज्या-मुरंब्यांचं प्रदर्शन आणि चहापाणी आहे. सगळं गाव असतं. मी त्या दिवशी मेंढ्यांच्या बाजाराला ताट्या घेऊन जाणार आहे. हे तुला फक्त कळवून ठेवतो. किती दिवस कुंपणावर बसायचं ते तुझं तू ठरव.

अँब्रोज

---

ऑक्सफर्ड
१० सप्टेंबर १९६१

प्रिय अँब्रोज,

तू नसशील तो दिवस मी मुद्दामच निवडला. तू असतास तर मी तुझ्याकडे बघत बोलले असते.

सकाळच्या बसने उतरले आणि थेट हिरव्या दाराशी गेले. ऑलिव्हने वरची अर्धी फळी उघडली, खालची नाही. हात कोपरापर्यंत ओले. मी नाव सांगितलं. 'ओळखलं,' म्हणाली. मी बसमध्ये तासभर घोकलेलं भाषण सुरू केलं. दोन वाक्यं ऐकून तिने मला थांबवलं.

'मी तेव्हा स्वयंपाकघरात पुडिंगची भांडी काढत होते,' ती म्हणाली. 'आत सगळे हसल्याचं ऐकू आलं. नंतर तासाभरात मला जायला सांगितलं. कशाला हसलात ते तीस वर्षं कळलं नाही. काय म्हणाला होतात तुम्ही?'

अँब्रोज, मला तो विनोद तिच्या तोंडावर सांगावा लागला. शब्द न् शब्द. तिने तो नीट ऐकून घेतला.

'एवढंच होतं होय,' ती म्हणाली. 'मला वाटलं होतं, काहीतरी मोठं असेल.'

मी काय करू, विचारलं. तिने हात पुसले. 'आठ जणांत म्हणालात. आता सगळ्या गावात म्हणा. तीन वाजता सुरू होतं. मी अंड्यांच्या टेबलाशी असते.' आणि फळी लावली.

मी म्हटलं. खुर्चीवर नाही चढले, पण सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिले, मुरंब्यांच्या टेबलापाशी. विनोदही सांगितला. दोघं-तिघं हसले, मग त्यांना कळलं. मी सांगितलं की ऑलिव्ह स्टिकलंडने काही घेतलं नव्हतं, मला तेव्हाही काही माहीत नव्हतं, आणि मी तोंड उघडलं ते लोकांनी हसावं म्हणून. मिसेस व्हेनेबल्सनी विचारलं, 'मग घेतली कुणी?' मी म्हटलं, ते सांगणं माझं काम नाही.

तेवढ्यात भोपळ्यांच्या रांगेतून गॉलपबाई उठल्या. त्यांच्या भोपळ्याला दुसरं बक्षीस मिळालं होतं, निळी फीत अजून हातात होती. टोपलीतून मोहरीदाणी काढली आणि सरळ चालत येऊन ऑलिव्हच्या पुढ्यात ठेवली. 'माझ्या यजमानांनी,' म्हणाल्या. 'हीच नाही, तुम्हा सगळ्यांकडची. मी त्यांच्या शेजारी तीस वर्षं झोपले आणि मला कळलं नाही. आता बाक बसवू नका.'

 पाद्रीसाहेबांचा चेहरा बघवत नव्हता, एवढा सुंदर चमत्कार हातचा गेला. हवालदार डिबेनने वही काढली, मग कुणाला पकडायचं ते न कळून परत खिशात घातली.

ऑलिव्हने बदकाला धरून झाकण उघडलं, आत पाहिलं, बंद केलं. 'मला मोहरी चालत नाही,' म्हणाली. आणि गॉलपबाईंना खुर्ची ओढून दिली.

माझ्याशी ती एक अक्षर बोलली नाही. साडेपाचच्या बसने परत आले.

तुझी,
हेस्टर

---

क्रॅटन
१ ऑक्टोबर १९६१

प्रिय हेस्टर,

बाजारात मेंढ्यांचा भाव पडला, ताट्यांचा चढला. परत आलो तर गावात जो तो मला सांगत होता, की कुंडीत हात घालताना त्याने मला पाहिलं होतं आणि त्याला सगळं आधीच कळलं होतं.

पहिले दोन रविवार चर्चमध्ये गॉलपबाईंच्या शेजारी कुणी बसलं नाही. तिसऱ्या रविवारी ऑलिव्ह आली. तीस वर्षं ती मागच्या रांगेत बसायची. या खेपेला बूट वाजवत सरळ पुढे गेली, गॉलपबाईंना म्हणाली, 'सरका जरा,' आणि बसली. आता त्या दोघींच्या रांगेत जागा मिळत नाही.

गुरुवारी मी तिच्याकडे कोंबड्यांची ताटी दुरुस्त करत होतो, म्हणून पुढचं मला ऐकायला मिळालं. मिसेस व्हेनेबल्स स्वतः चालत आल्या. वाड्यावर घर सांभाळायला बाई हवी आहे, स्वतंत्र खोली, रविवारी सुट्टी. 'जुनं विसरून जा ऑलिव्ह, तुझ्यासारखी विश्वासाची बाई मला कुठे मिळणार?' म्हणाल्या.

ऑलिव्ह कोंबड्यांना दाणे टाकत होती. टाकून झाल्यावर म्हणाली, 'दाखला आणलाय का?'

मिसेस व्हेनेबल्स मोठ्या मनाने हसल्या. 'छे, तुझ्याकडे कोण दाखला मागणार?'

'माझा नाही. तुमचा,' ऑलिव्ह म्हणाली. 'मला घालवलं तेव्हा चांगल्या वागणुकीचा दाखला दिला नव्हता, म्हणून पुढे कुठलंच दार उघडलं नाही. तुमच्याकडे आजवर राहिल्या त्यांतल्या दोघींची पत्रं आणा. बाई सकाळी कशा बोलतात, वस्तू सापडेनाशी झाली की आधी कुणाकडे बघतात, जेवताना कोणते विनोद करतात. वाचून बघते, मग कळवते.'

माझ्या तोंडात तीन खिळे होते. एक गिळायचाच राहिला.

तुला माफ केलं का, ते मी तिला विचारलं, कारण तू कधी विचारणार नाहीस. ती म्हणाली, 'तिला म्हणावं, नाताळला ये. उंबऱ्याच्या आत घ्यायचं की नाही, ते त्या दिवशीच्या हवेवर ठरवीन.' तू ये. लोकरीचे मोजे घालून ये, बाहेर उभं राहावं लागलं तर बरं पडेल.

आणि त्याच संध्याकाळी मी पोस्टात गेलो होतो. मिसेस व्हेनेबल्स खिडकीपाशी उभ्या होत्या, हातात दोन पाकिटं. एक ब्रिस्टलला, एक कार्डिफला. दोघी जुन्या मोलकरणी. ब्रिस्टलवालीचं उत्तर काल आलं म्हणे, पानभर आहे आणि बाईंनी ते अजून कुणाला दाखवलेलं नाही. कार्डिफवालीने कळवलंय की विचार करून लिहिते, घाई करू नका.

तुझा,
अँब्रोज